ग्रीन घराच्या लेखात उत्तरेचा बाण छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीतले पर्यावरणपूरक घरांवरचे लेख मी आवर्जून वाचते, फोटो तर छानच असतात, पण हल्ली या विषयाचं जरा नीट वाचायला लागल्यापासून एक तक्रार करावीशी वाटतेय. घर ग्रीन का, तर सोलर पॅनल आहेत, एलईडी आहेत, बाल्कनीत वेली सोडल्यात आणि गेटवर कुठल्यातरी ग्रीन रेटिंगची पाटी आहे. म्हणजे नंतर आणून बसवायच्या वस्तूंची यादीच की! घराचं तोंड कुठल्या दिशेला, भिंत कशाची आणि किती जाड, वारा कुठून आत येतो आणि कुठून बाहेर जातो, यावर एक ओळ नाही. नव्याने शिकणाऱ्याला वाटतं आधी नेहमीसारखं घर बांधायचं आणि मग वरून ग्रीन चढवायचं. शिकायचा क्रमच उलटा लागतोय.

साधं उन्हाचं घ्या. उत्तर गोलार्धात उन्हाळ्यात दुपारचा सूर्य खूप उंच असतो, थंडीत दक्षिणेकडे खाली झुकलेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीवर योग्य मापाचा आडवा छज्जा काढला की उन्हाळ्याचं ऊन बाहेर अडतं आणि थंडीचं आत येतं, वीज नाही, मेंटेनन्स नाही, काही नाही. पश्चिमेला मात्र हाच छज्जा जवळपास निरुपयोगी, कारण संध्याकाळचं ऊन आडवं येतं, तिथे उभ्या पट्ट्या हव्यात, झाड हवं, नाहीतर खिडकीच लहान हवी. आणि एकदा ऊन काचेतून आत आलं की आतून पडदा लावून फारसा उपयोग नाही, उष्णता आलेलीच असते. हे समजायला दहा मिनिटं पुरतात, तरीपण पश्चिमेला अख्खी काचेची भिंत असलेल्या बिल्डिंगा बांधल्या जातात आणि वर आतला एसी फाइव्ह स्टार आहे म्हणून कौतुक होतं.

दुसरी गोष्ट मातीच्या घरांची. जाड मातीच्या किंवा दगडाच्या भिंती गार असतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण का आणि कुठे हे कोणी सांगत नाही. जाड भिंत दिवसाची उष्णता शोषून धरून ठेवते आणि रात्री सोडते, म्हणजे हा खेळ जमायला रात्र गार पडावी लागते. कोरड्या हवेत ती पडते. दमट उष्ण हवेत रात्रीसुद्धा तापमान फारसं उतरत नाही, तिथे तीच भिंत रात्रभर गरम राहते आणि झोपणाऱ्याचे हाल होतात, अशा ठिकाणी हलकी भिंत, मोठं छप्पर आणि समोरासमोर खिडक्या हेच बरं. थोडक्यात, पर्यावरणपूरक घराचा एकच नमुना सगळीकडे चालत नाही. झिम्बाब्वेत हरारे इथे १९९६ साली पूर्ण झालेलं ईस्टगेट सेंटर याच तत्त्वावर उभं आहे, रात्रीची थंड हवा काँक्रीटच्या पोकळ्यांतून खेळवायची आणि दिवसा तो गारवा वापरायचा, नेहमीसारखा एसी प्लांट बसवलेलाच नाही, पण तिथे रात्री थंड असतात म्हणून हे जमतं. तीच बिल्डिंग उचलून दमट समुद्रकिनाऱ्यावर ठेवली तर नाही जमणार.

मग मटेरियल. इथे बहुतेक लेख अगदीच गप्प असतात. घर वापरताना किती वीज लागते हे सांगतात, ते बांधताना किती कार्बन गेला ते कोणी विचारत नाही. जगात माणसामुळे हवेत जाणाऱ्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटमुळे बाहेर पडतो. यात गंमत अशी की हा सगळा काही इंधनाचा धूर नाही, क्लिंकर (म्हणजे ज्या भाजलेल्या खड्यांची पूड करून सिमेंट होतं ते) करताना भट्टी सुमारे १४५० अंशांवर न्यावी लागते ते आहेच, पण चुनखडी तापून तिच्यातूनच जो वायू सुटतो त्याचा वाटा निम्म्याहून जास्त, त्यामुळे भट्टी उद्या सगळी सोलरवर चालवली तरी तो प्रश्न उरतोच. सिमेंट कमी वापरणं किंवा त्यातलं क्लिंकर कमी करणं हाच सरळ रस्ता. भाजलेली चिकणमाती आणि न भाजलेली चुनखडी मिसळून क्लिंकर निम्म्यावर आणणारं एलसी-थ्री सिमेंट म्हणूनच महत्त्वाचं.

सिमेंट आणि विटा कमी कशा वापराव्यात हे शिकायचं तर केरळात काम केलेले वास्तुविशारद लॉरी बेकर (१९१७-२००७) यांची कामं बघावीत. रॅट ट्रॅप बाँडमध्ये विटा कडेवर उभ्या लावतात, मध्ये पोकळी राहते, साधारण चौथा हिस्सा विटा वाचतात आणि पोकळीतल्या हवेमुळे उष्णताही कमी आत येते. फिलर स्लॅब तर मला फारच आवडतो. स्लॅब वाकतो तेव्हा त्याच्या खालच्या भागात ताण येतो, तो ताण लोखंडाची सळई घेते, काँक्रीट तिथे नुसतं वजन म्हणून पडून असतं, मग त्या जागेतलं थोडं काँक्रीट काढून जुनी मंगलोरी कौलं घातली तर काय बिघडलं? काहीच नाही! स्लॅब हलका, सिमेंट कमी. अर्थात डिझाइन इंजिनिअरकडून करून घ्यायचं आणि गवंड्याला जमायला हवं, हे सोडून चालणार नाही.

सिमेंट म्हणजे पाप असंही मी म्हणत नाही. वास्तुविशारद फ्रान्सिस केरे यांनी पश्चिम आफ्रिकेत बुर्किना फासोमधल्या गांदो गावात २००१ साली जी शाळा बांधली तिच्या मातीच्या विटांत थोडं सिमेंट आहेच, त्याने पावसात भिंत टिकते, आणि पत्र्याचं छप्पर खोल्यांपासून वर उचलून ठेवलंय म्हणजे मधून गरम हवा निघून जाते. पुढे २०२२ साली त्यांना वास्तुकलेतला मानाचा प्रित्झकर पुरस्कार मिळाला.

आणि सगळ्यात कमी शिकवली जाणारी गोष्ट, न पाडणं. फ्रान्सच्या लाकातों आणि वासाल या वास्तुविशारद जोडीने बोर्दो शहरात सहकाऱ्यांना घेऊन ५३० जुने फ्लॅट पाडायच्या ऐवजी प्रत्येकाला बाहेरून काचेची मोठी गॅलरी जोडली, लोक आत राहतच होते, जागा वाढली, उजेड वाढला, गरम करायचा खर्च कमी झाला. जुनी धड इमारत पाडून तिथे रेटिंगवाली नवी उभी केली तर जुन्यात गेलेलं सगळं सिमेंट-लोखंड फुकट जातं, आणि नव्याचा हिशोब भरून निघायला बरीच वर्षं लागतात. रेटिंग वाईट असतं असं नाही, पण बऱ्याचदा ते डिझाइन बघून दिलेलं असतं, बिल्डिंग प्रत्यक्षात किती वीज खाते ते बघून नाही.

तर विनंती एवढीच. यापुढे असा लेख छापाल तेव्हा एका फोटोची जागा कमी करून घराचा नकाशा द्या आणि त्यावर उत्तरेचा बाण द्या, जमलं तर एक उभा छेदसुद्धा (घर उभं कापलं तर आतून कसं दिसेल ते चित्र), म्हणजे वारा आणि ऊन कसं येतं ते आमचं आम्हाला कळेल. भिंत आणि स्लॅब कशाचे ते एका ओळीत लिहा, निदान एका वर्षाचं वीजबिल मालकाला विचारा. आणि त्या प्लॉटवर आधी काय उभं होतं तेही विचारा, देतील उत्तर तर बघू.

आपली,
एक नियमित वाचक