२४ तासांत खत होत नसतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोसायटीत ओल्या कचऱ्याचा विषय निघाला की बैठक ‘मशीन कुठलं घ्यायचं’ इथेच संपते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी मोठ्या सोसायट्या आणि हॉटेलांवर ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवण्याची जबाबदारी टाकली आणि ‘२४ तासांत खत’ देणाऱ्या विजेच्या यंत्रांना गिऱ्हाईक मिळालं. त्यातल्या बऱ्याच यंत्रांतून निघतो तो नुसता वाळवलेला, दळलेला कचरा. कुंडीत पाणी पडलं की तो पुन्हा आंबतो, बुरशी धरतो, रोप पिवळं पडतं.

पैसे देण्याआधी विक्रेत्यासमोरच मूठभर माल ओला करून पिशवीत गच्च बांधावा आणि दोन दिवसांनी उघडावा. मातीचा वास आला तर खत, आंबूस आला तर कचराच.

खरं खत व्हायला दीड-दोन महिने लागतात, वीज मात्र लागत नाही. एक बादली चिरलेला ओला कचरा, एक ते दीड बादली सुका पाला आणि विरजण म्हणून थोडं जुनं खत. ढीग लांबी-रुंदी-उंचीला किमान तीन-तीन फूट हवा, नाहीतर उष्णता टिकत नाही. जमला तर तीन-चार दिवसांत आतलं तापमान ५५ अंशांवर जातं. आठवड्याला एकदा खालीवर करावा. मूठ दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागली तर पाला कमी पडलाय. नाकात झोंबणारा अमोनियाचा वासही तेच सांगतो. सडक्या अंड्याचा वास म्हणजे आत हवा नाही.

बहुतेक प्रकल्प बंद पडतात ते या पाल्याच्या तुटवड्यापायी, तेही ऐन पावसाळ्यात. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये हाच पाला आपण झाडून पेटवतो, जे त्याच नियमांनी मना केलं! तो गोण्यांत भरून छपराखाली ठेवला की जून ते सप्टेंबर निभतो. वर्षावृक्षाची बारीक पानं उत्तम; आंबा-पिंपळाची आधी चुरावी लागतात.

बिल्डरने भोगवटा प्रमाणपत्रापुरतं बसवलेलं यंत्र ताब्यात घेताना महिनाभर चालवून दाखवायला सांगावं, विजेच्या बिलासकट.

घरच्यांकडून एवढंच हवं: दुधाच्या पिशवीचा कोपरा कापून वेगळा करू नये, पिशवीलाच लोंबता ठेवावा. खत चाळताना चाळणीवर सर्वांत जास्त उरतात ते हेच तुकडे.

आपला,
एक वाचक, पुणे