नाव न सांगता गेलेल्यांचे आभार

यंदा आमच्या जिल्हा परिषद शाळेतल्या आठवीच्या चार मुली एनएमएमएसच्या, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतल्या मुलांसाठीच्या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेच्या, निवड यादीत आल्या. नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये, थेट त्यांच्या खात्यात. हार-तुरे झाले, फोटोही झाले. पण ज्यांचे आभार मानायचे, ते फोटोत नाहीत.

दिवाळीनंतर कोणीतरी शाळेच्या पायरीवर जुन्या प्रश्नपत्रिकांची पिशवी ठेवून गेलं. उत्तरं पेन्सिलीने लिहून, नीट खोडलेली. खोडलेल्या खुणा उजेडात धरल्या की दिसायच्या, आणि पोरी अर्थातच धरायच्या! परीक्षेच्या दिवशी आमची जीप वाटेत बंद पडली. मागून आलेल्या टेम्पोवाल्या दादांनी भाजीची क्रेट्स एका बाजूला सारून पोरींना केंद्रावर पोचवलं. पैसे विचारले तर म्हणाले, "पेपर सोडवा आधी." आणि केंद्रावर एका मुलीचं पेन चालेना तेव्हा स्वतःच्या केसांतलं, हो, अंबाड्यात खोचलेलं पेन काढून देणाऱ्या ताई, तुमचेही आभार.

आता शाळा व्यवस्थापन समितीची बैठक आहे. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेच्या खर्चासाठी मिळणारं संयुक्त अनुदान पटावर ठरतं: तीसच्या वर शंभरपर्यंत 25,000, त्यापुढे अडीचशेपर्यंत 50,000. आमचा पट 97. चार मुलांनी अडलंय. गळका पत्रा की सरावाची पुस्तकं, यावर वाद होणार. मी पुस्तकांच्या बाजूने. पिशवीवाल्यांनो, ती पिशवी पुढच्या आठवीकडे दिली आहे. उत्तरं आम्हीही खोडून ठेवलीत.