सूचना : कुंपणाची झुडपे व झाडांची निवड

सर्व रो-हाऊसधारक सभासदांस कळविण्यात येते की, पावसाळ्यापूर्वी आपापल्या कुंपणाची झुडपे छाटून ती अंतर्गत रस्त्यावर येणार नाहीत, याची दक्षता घ्यावी. वळणावरच्या बोगनवेलीची फांदी खांद्याच्या उंचीवर आडवी आली असून, मागील आठवड्यात दूधवाल्याची पिशवी तिच्या काट्यात अडकून फाटली. वेल सुरेख आहे, परंतु तिची जागा भिंतीच्या आत आहे.

नवीन लागवडीसाठी मेंदी, अडुळसा, तगर किंवा जास्वंद निवडावी. ही झुडपे आपल्या हवेत सहज वाढतात, छाटणी सोसतात आणि अडुळशाला शेळीही सहसा तोंड लावत नाही. कण्हेर व पिवळी कण्हेर, म्हणजेच बिट्टी, यांचे सर्व भाग विषारी असल्याने मुले खेळतात त्या बाजूस ती लावू नयेत. वड, पिंपळ व उंबर यांची रोपे भिंतीच्या फटीत दिसताच, ती बोटभर असतानाच मुळासकट काढावीत.

झुडूप आणि झाड यांत मात्र गल्लत करू नये. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ खासगी आवारातील झाडांनाही लागू असून, त्यात तोडण्याबरोबरच जाळणे वा अन्य प्रकारे इजा करणेही येते. म्हणून आंबा, नारळ किंवा गुलमोहर यांच्या फांद्या परस्पर माळ्याकडून उतरवून न घेता, प्रथम महापालिकेच्या विभाग कार्यालयातील उद्यान खात्याकडे अर्ज करावा व त्याची प्रत समितीकडे द्यावी.

सचिव,
व्यवस्थापक समितीच्या वतीने