बंड्या, गोल्फर लीची आई आठवते का तुला

नाशिक, ७ डिसेंबर २०२५

प्रिय बंड्या,

दीड-दोन वर्षं झाली आपण धड बोललो नाही, दिवाळीचे फॉरवर्ड मी बोलण्यात धरत नाही. चूक माझी आहे. तुझे दोन मिस्ड कॉल अजून माझ्या फोनमध्ये तसेच आहेत, आज करू उद्या करू करत राहिलं ते राहिलंच. तब्येती ठीक, आईची शुगर आटोक्यात, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आता लांबूनपण सगळ्यांच्या चुका दिसतात तिला.

आता खरं कारण. सोन्याच्या हातातून बॉल सुटत नाहीये रे.

म्हणजे अक्षरशः सुटत नाही. तू बघितलाय त्याचा लेगस्पिन, तूच म्हणाला होतास याचं मनगट देवाने सवडीने केलंय. जूनपासून बिघडलं. रनअप घेतो, हात वर जातो आणि वरच अडकतो, मग बॉल एकतर स्वतःच्या पायाजवळ आपटतो नाहीतर कीपरच्या डोक्यावरून जातो. खांद्याचा एमआरआय केला, काही नाही. कोच म्हणाले डोक्यात भरलंय, निघेल. नाही निघालं. परवा मॅचमध्ये एका ओव्हरमध्ये सात वाइड टाकले आणि आठव्याला त्याने बॉल कॅप्टनच्या हातात दिला आणि सरळ ग्राउंडच्या बाहेर चालत गेला. पंधरा वर्षांचं पोरगं. घरी आल्यावर म्हणाला, पप्पा मला सोडायचंय.

आणि मला तू आठवलास. दुबईतली आपली डेऱ्याची बाल्कनी आठवली, तू आण्णांचं सांगितलंस ती रात्र. त्याबद्दल आपण परत कधी बोललो नाही, आता मला बोलायचंय.

पण आधी आपल्या चिनी गोल्फरचं, ली हाओतोंगचं. त्याचा पाठलाग सोडलास की नाही अजून? मी नाही सोडला. यंदा जुलैत पोर्टरशला ब्रिटिश ओपनच्या शेवटच्या दिवशी तो नंबर एकच्या शेफलरबरोबर शेवटच्या जोडीत होता, मी रात्री एकटा टीव्हीसमोर, आणि तुला फोन लावायला हात गेला होता माझा, खरं सांगतो. शेफलर काय कोणाला हाती लागणार नव्हता, पण आपला ली बरोबरीत चौथा, म्हणजे मास्टर्ससारख्या मोठ्या स्पर्धेचं आमंत्रण पक्कं! आणि गेल्या महिन्यात युरोपच्या वर्षभराच्या यादीतून अमेरिकेच्या टूरचं कार्डपण, म्हणजे तिथे खेळायचा हक्क, मिळाला. तिशी आत्ता ओलांडलीये त्याने. आपण बघितला तेव्हा बावीसचा होता.

तो दिवस मी विसरूच शकत नाही. २८ जानेवारी २०१८, दुबई डेझर्ट क्लासिकचा शेवटचा दिवस, रविवार, म्हणजे तिथला कामाचा दिवस, दोघांनी पोट बिघडल्याचं सांगून सुट्टी टाकलेली (एकाच रूममधल्या दोघांचं एकदम, तरी साहेबांनी काही विचारलं नाही, भला माणूस). तू हापिसचे बूट घालून आलास आणि गवतावर घसरत होतास. सगळी गर्दी रोरी मॅकिलरॉयची, आणि तू एकटा चिनी पोराच्या मागे, 'मार रे बाळा' म्हणून ओरडलास आणि मार्शलने गप्प बसायची पाटी तुझ्या तोंडापुढे धरली. मध्ये रोरी पुढे गेला तेव्हा मी म्हणालो संपलं, आणि तू म्हणालास थांब, पोराच्या चालण्यात भीती नाही. शेवटच्या होलवर ते पाणी, पाण्यापलीकडे ग्रीन, म्हणजे होलभोवतीचं बारीक गवत, आणि त्याची बर्डी, ठरल्यापेक्षा एक शॉट कमी. चार दिवसांत एकूण २३ शॉट कमी, एका शॉटने जिंकला. क्रमवारीत पहिल्या पन्नासात जाणारा चीनचा पहिला पुरुष. ज्या देशात क्रांतीनंतरचं पहिलं गोल्फ कोर्स १९८४ ला झालं तिथलं पोरगं, हे तूच मला मेट्रोत तीनदा सांगितलंस.

पुढच्या वर्षी त्याच ग्रीनवर त्याला दोन शॉटची पेनल्टी लागली आणि आपलं भांडण झालं, ते मी अजून सोडलेलं नाही. कॅडी, म्हणजे त्याच्या काठ्या वाहणारा, मागे उभा होता, मान्य. ली पोझिशन घ्यायला लागला तेव्हा उभा होता, मान्य. पण खेळाडू पोझिशन घेताना कॅडीने मागे रेषेत उभं राहायचं नाही हा नियम महिन्याभरापूर्वी आलेला, आणि हाताच्या अंतरावरून बॉल होलात ढकलायचा, त्याला रेष दाखवायला कोण लागतंय? बर्डीची बोगी झाली, म्हणजे एक कमीचा एक जास्त, तिसऱ्याचा बारावा झाला. तू म्हणालास नियम म्हणजे नियम. बंड्या, पंधरवड्याच्या आत त्यांनीच तो नियम सैल केला की नाही? मग? बोल आता.

असो. मला सांगायचंय ते त्याच्या पडण्याचं. २०२० च्या ऑगस्टमध्ये पीजीए चॅम्पियनशिपला दोन दिवसांनंतर तो सगळ्यांच्या पुढे होता, आणि वर्षभरात खेळच गेला त्याचा. बॉल कुठे जाईल याचा भरवसा नाही, कट चुकतायत, म्हणजे दोन दिवसांतच स्पर्धेबाहेर, नंबर धडाधड खाली. २०२२ ला म्युनिकला जिंकला तेव्हा बोलला की दहा महिन्यांपूर्वी गोल्फ सोडायच्या बेतात होतो. पहिल्याच दिवशी ६२ शॉटमध्ये राउंड, चार दिवस पुढे, आणि शेवटी बेल्जियमच्या पीटर्सने गाठला, मग बरोबरी फोडायला प्लेऑफ. तिथे ग्रीनवरून भलामोठ्या लांबून बॉल होलात टाकला आणि मग ढसाढसा रडला. बरं, एवढं होऊन गाडी रुळावर आली म्हणावं तर २०२३ ला परत तेच, कटमागून कट चुकले. मग यंदा फेब्रुवारीत कतारला जिंकला, चौथं टायटल. म्हणजे एकदा गेलेला खेळ परत आला, परत गेला, परत आला. मला भीती वाटते रे त्याच्यासाठी, आता अमेरिकेत काय होईल. माझ्या घरचा असल्यासारखी वाटते.

परवा रात्री सोन्याला मी म्युनिकचा व्हिडिओ दाखवला. गप्प बघितला त्याने. मग आपोआप पुढचा लागला, तो २०१७ चा पॅरिसचा. लीने चिडून पटर, म्हणजे ग्रीनवरची काठी, तळ्यात फेकलेला, आणि त्याची आई पॅन्ट भिजवत पाण्यात उतरते, चाचपडत काठी बाहेर काढते, बघते तर मोडलेली, परत पाण्यात टाकून देते आणि चालत बाहेर येते. सोन्या हसेल वाटलं, सगळं जग हसलं होतं. तो म्हणाला, पप्पा, ती त्याला काही बोलली नाही? मी म्हणालो माहीत नाही, पण तीन आठवड्यांनी बर्कडेलला शेवटच्या दिवशी ६३ मारले त्याने, शेवटचे चारही होल बर्डी, ओपनमध्ये तिसरा आला. ते ६३ त्याने ऐकलंच नाही. आई काय बोलली तेच त्याच्या डोक्यात.

काल रात्री साडेअकराला खाली पार्किंगमधून ठप ठप आवाज. टेरेसवरून बघितलं तर सोन्या अंधारात भिंतीवर टेनिस बॉल टाकतोय. पाइपाच्या बाजूला खडूने चौकोन काढलेला. मी मोजले. अकरा बॉल, अकराही चौकोनात, हात मोकळा, मनगट तसंच, फिरकीचा तो भुर्र आवाज वरपर्यंत ऐकू येत होता. बाराव्याला माझ्या चपलेचा आवाज झाला, त्याने वर बघितलं, आणि हात वरच अडकला. बॉल पायावर पडला. तो बॉल तिथेच ठेवून जिना चढून आला, माझ्याशेजारून आत गेला, एक शब्द नाही.

आण्णांनी तुला सतराव्या वर्षी सांगितलं, नाही जमत ना, सोड, दुकानात बस. त्या रात्री तू म्हणालास, सोडल्याचं दुःख नाही, पण त्यांनी एकदा थांब म्हणायला पाहिजे होतं. हे मला सात वर्षं टोचतंय आणि आता तर झोप लागत नाही. मी थांब म्हणालो आणि पोरगं आतून अजून मोडलं तर? सोड म्हणालो आणि चाळिशीत कुठल्यातरी बाल्कनीत बसून तो हेच कोणाला सांगत असेल तर? हिचं म्हणणं त्याला एकटं सोडा. कोच म्हणतात रोज टाकत राहा. तू ज्या बाजूने बघितलंयस त्या बाजूने कोणीच बोलत नाही.

म्हणून येत्या शनिवारी त्याला घेऊन साताऱ्याला येतोय. क्रिकेटचा विषय तू काढू नकोस. त्याने काढला तर मात्र आण्णांचं सांग त्याला, जसं मला सांगितलंस तसं, काही गाळू नकोस.

दुकानाचं वरचं काम झालं का? ताईचं लग्न ठरल्याचं बाहेरून कळलं, राग आला पण हक्क नाही मला. वहिनींचा गुडघा कसा आहे? त्यांना म्हणावं काही घाट घालू नका, भरलं वांगं आणि भाकरी असली की झालं.

दुबईची ती टोपी काढून ठेव. पाचपर्यंत पोहोचतो.

तुझा,
दिल्या