‘बघू’ म्हणाले खरी, पण...

तीर्थरूप आई-बाबांना,
सा. न.

परवा फोनवर ‘मार्चला येतेस ना कायमची?’ असं विचारलंत आणि मी ‘बघू’ म्हणाले. आपल्या घरात ‘बघू’चा अर्थ काय होतो हे आईला पक्कं ठाऊक, म्हणून ती कुकरचं निमित्त काढून उठली. तर आता सरळच सांगते. करार आणखी एका वर्षाने वाढवलाय, सहीही झाली. रागवा, पण आधी पत्र पुरतं वाचा.

बाबा, इथे टोकियोत कंपनीतल्या जपानी लोकांना मी इंग्रजी बोलायला शिकवते, त्याला तुम्ही ‘शिकवण्या’ म्हणता. आठ जण, कंपनीचीच मीटिंगची खोली, संध्याकाळी ७ ते ८.३०. वरून पाहिलं तर शिकवणीच. पण व्याकरणाची पुस्तकं यांनी शाळेतच संपवलेली असतात. टोइक नावाच्या इंग्रजीच्या परीक्षेत ९९० पैकी ८०० गुण मिळवलेला माणूसही कॉलवर गप्प बसतो, कारण त्या परीक्षेत दोन तासांत २०० प्रश्न असतात, सगळे ऐकण्याचे आणि वाचण्याचे. बोलायचं एकदाही नाही.

तुम्हाला आवडेल ते आधी सांगते, आकडे. इंग्रजी तीन-तीन शून्यांनी तोडतं, जपानी चार-चार. १० हजार म्हणजे १ मान, १० कोटी म्हणजे १ ओकु. साडेतीन ओकु येनचं कोटेशन सांगताना माणूस ‘थ्री पॉइंट फाइव्ह मिलियन’ म्हणून मोकळा होतो. हवे असतात ३५० मिलियन, आपले ३५ कोटी. लाख-कोटीतून मिलियनमध्ये जाताना आपलीही हीच धांदल होते, म्हणून चूक नेमकी कुठे होते ते मला चटकन दिसतं. फळ्यावर तीनच खुंट्या ठोकते: १०० मान म्हणजे १ मिलियन, १० ओकु म्हणजे १ बिलियन, १ चो म्हणजे १ ट्रिलियन. मधला कुठलाही आकडा जवळच्या खुंटीला बांधायचा. आधी अंकात लिहायचा, उजवीकडून स्वल्पविराम द्यायचे, मगच तोंड उघडायचं. रोज पाच मिनिटं, सहा आकडे. बँकेत तुम्ही नव्या कारकुनांकडून बेरजा म्हणून घ्यायचात, तसंच.

दुसरी गंमत आईसाठी. ‘तुला चहा नको ना?’ असं विचारलं तर आपण ‘हो, नको’ म्हणतो. जपानीतही अगदी तसंच. इंग्रजीत मात्र ‘डोन्ट यू नीड द इनव्हॉइस?’ला नुसतं ‘यस’ म्हटलं की समोरचा इनव्हॉइस पाठवून देतो. उपाय साधा आहे. वर्गात नुसतं यस किंवा नो चालत नाही, पुढे क्रियापद हवंच: ‘नो, वी डोन्ट नीड इट.’ आणि स्वतः विचारताना उलटा प्रश्न विचारायचाच नाही. इंग्लंड-अमेरिकेच्या शिक्षकाला हा घोळ समजावून घ्यावा लागतो. मला तो जन्मापासून येतो!

घोळ शब्दांचेही होतात. ग्राहकाच्या साध्या तक्रारीला इथे ‘कुरेमु’ म्हणतात, ‘क्लेम’वरून. इंग्रजी मेलमध्ये तेच ‘क्लेम’ गेलं की पलीकडचे भरपाई मागितली समजून वकिलाला गाठतात. तिथे ‘कम्प्लेंट’ लिहायचं. ‘साबिसु’ म्हणजे फुकट, ‘सर्व्हिस’ नव्हे. आणि ‘केन्तो शिमासु’, म्हणजे ‘विचार करू’, याचं ‘वी विल कन्सिडर इट’ केलं की परदेशातला माणूस आशेने दोन आठवडे वाट पाहतो. तो आपला ‘बघू’च, आई! त्यांना शिकवते की नकार सौम्य असू दे, पण पुढे तारीख किंवा पर्याय द्या: या तिमाहीत जमणार नाही, जुलैत पुन्हा बोलू.

सगळ्यात अवघड असते ती शांतता. प्रश्न टाकला की खोली गप्प, आणि नवा शिक्षक घाबरून स्वतःच उत्तर देऊन टाकतो. तिथेच वर्ग हातचा जातो. मनात दहापर्यंत मोजायचं. त्यातून वर्गात साहेब बसलेले असतील तर त्यांना आधी विचारायचं नाही, नाहीतर बाकीचे सात जण नुसती मान डोलावतात. एक मिनिट कागदावर लिहायला, दोन मिनिटं शेजाऱ्याशी बोलायला, आणि मग ‘तुमच्या जोडीचं काय ठरलं?’ मत जोडीचं झालं की कुणा एकट्याची लाज जात नाही. र आणि ल यांची इथे गल्लत होते, पण त्यावर मी फार वेळ घालवत नाही. त्यापेक्षा ‘स्ट्राइक’चं ‘सुतोराइकु’ होतं ते ऐकणाऱ्याला जास्त नडतं. (आपण ‘ठेसन’वाले, हसायचा हक्क नाही.)

यातल्या कितीतरी जणांचे कॉल पुण्या-बंगळुरूच्या टीमशी असतात. त्यांना माझा उच्चार कानावर पडलेला बराच! आणि इथलंही आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. सहाच महिने वाढवून सप्टेंबरात सोडलं तर वर्ग अर्धाच राहतो, हे बाबांना वेगळं सांगायला नको.

काळजी करू नका. इथल्या निशी-कासाई भागात आपली माणसं बरीच, तिथे तूरडाळ, हिंग, पोहे सगळं मिळतं. डॉक्टरकडे गेलं तर विम्यामुळे बिलातले ३० टक्केच भरावे लागतात. हिवाळ्यात हवा फार कोरडी, म्हणून उशाशी ओला टॉवेल टांगते. तापात तू कपाळावर ठेवायचीस ती घडी आठवते. अजूनही तशीच चौपदरी घालते.

आता ऐका. फोन तुमच्या ६.३० ला करत जा, तेव्हा माझे १० वाजलेले असतात आणि मी जेवून मोकळी असते. ३.३० ते ५ वर्ग असतो, तेव्हा उचलला नाही म्हणून लगेच दादाला फोन नको. आई, साखरेची वही पुन्हा सुरू कर, उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची, दोन्ही. बाबा, माळ्यावर तुम्ही चढायचं नाही. मागच्या दिवाळीनंतर यावर चर्चा बंद झाली आहे. २९ डिसेंबरला इथलं ऑफिस बंद झालं की त्याच रात्री निघते, तिकीट काढलंय. म्हणजे ही तारीख आहे, ‘बघू’ नाही.

आणि गुडघ्याच्या डॉक्टरांची वेळ घेतलीत का? मलाही तारीखच हवी.

तुमची,
चिमी