पुन्हा उघडलेल्या पानांबद्दल आभार

महानायकांच्या चित्रकथा वाचणे मी अनेक वर्षांपूर्वी सोडले होते, कारण एक कथा समजण्यासाठी आधीचे शेकडो अंक ठाऊक असावे लागतात, असा माझा समज होता. ज्या अनोळखी वाचकांनी तो धीराने दूर केला, त्यांची नावे मला माहीत नाहीत. त्या सर्वांचे मनःपूर्वक आभार. २०११ मध्ये डीसी या अमेरिकी चित्रकथा-प्रकाशन संस्थेने ५२ मालिका पहिल्या अंकापासून नव्याने सुरू केल्या, तेथून आत शिरता येईल, हे त्यांनीच सुचवले. एकाने तर स्वतःच्या संग्रहातले अंक वाचनक्रमाची चिठ्ठी लावून दिले, आणि ती चिठ्ठी मी अजून जपली आहे. १९६२ मध्ये अवतरलेल्या स्पायडरमॅनच्या कथांत लहानपणी मला केवळ मारामारी दिसे; आता घरखर्चाची आणि त्याचा सांभाळ करणाऱ्या मे काकूंच्या प्रकृतीची त्याला लागलेली काळजी मला अधिक भिडते.