पैसे जाणार की येणार, एवढे तरी मराठीत सांगा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात माझ्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या आईने वीजबिल भरण्यासाठी नव्या डेबिट कार्डावरचे सोळा आकडे भिंगातून पाहून मोबाइलवर टाकले. तीनदा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा पडद्यावर ‘ट्रान्झॅक्शन डिक्लाइन्ड’ एवढेच उमटले. खात्यात पैसे होते, आकडेही बरोबर होते. शाखेत दोन हेलपाटे घातल्यावर खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने सांगितले, “आजी, तुमच्या कार्डावर ऑनलाइन व्यवहार सुरूच केलेले नाहीत.”

रिझर्व्ह बँकेच्या २०२० सालच्या नियमानुसार नवे कार्ड देशातली एटीएम आणि दुकानांतली स्वाइप मशीन एवढ्यापुरतेच चालू असते. ऑनलाइन वापर ग्राहकाने स्वतः सुरू करायचा असतो. नियम ग्राहकाच्या भल्याचाच आहे. पण कार्ड हातात देताना ते कोणी सांगितले नाही आणि व्यवहार नाकारला गेला तेव्हाही कळले नाही. नकाराचे कारण बँकेच्या संगणकाला ठाऊक असते. मग ‘ऑनलाइन वापर बंद आहे, तो अॅपमधून किंवा शाखेतून सुरू करा’ असा मराठी संदेश त्याच क्षणी का येऊ नये?

पुढची अडचण ओटीपीची. रक्कम, दुकानदाराचे नाव, कार्डाचे शेवटचे चार आकडे, ओटीपी आणि ‘कोणाला सांगू नका’ ही सूचना, असे सगळे एकाच सलग इंग्रजी ओळीत येते. आईने घाईत ओटीपीऐवजी कार्डाचे शेवटचे आकडे टाकले. ही चूक निभावून जाते. मात्र ‘तुमचे पैसे परत पाठवतो, आलेला नंबर सांगा’ म्हणणाऱ्या भामट्याचा फोन चालू असताना इंग्रजी न वाचता येणाऱ्या माणसाला तो ओटीपी पैसे येण्याचा आहे की जाण्याचा, हे कळायला काहीच मार्ग नसतो. संदेशाच्या सुरुवातीलाच ‘तुमच्या खात्यातून १,८४० रुपये जाणार आहेत’ असे मराठीत लिहिलेले असेल, तर कितीतरी वृद्ध तिथेच थांबतील. खाते उघडतानाच संदेशाची भाषा विचारून घेणे बँकांना अवघड नाही.

अनेक घरांत आईवडिलांच्या खात्याला मुलाचा मोबाइल क्रमांक जोडलेला असतो. मुलगा पुण्यात कामावर किंवा परदेशात, आणि ओटीपी त्याच्या खिशात! मग तो फोनवरून सांगायची सवय लागते आणि ‘कोणाला सांगू नका’ या सूचनेला घरातच अर्थ उरत नाही. पासबुक भरायला आलेल्या ज्येष्ठांना ‘खात्याला जोडलेला नंबर तुमच्याच हातातल्या फोनचा आहे ना?’ एवढे शाखेने विचारले, तरी पुष्कळ फरक पडेल.

ऑनलाइन खरेदीत खात्यातून पैसे गेले आणि दुकानदाराला पोचलेच नाहीत, तर ते पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत आणि उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई मिळायला हवी, असा २०१९चा नियम आहे. तोही शाखेत मराठीत लावलेला मला दिसला नाही.

रिझर्व्ह बँकेने व्यवहारांच्या पडताळणीसाठी १ एप्रिल २०२६पासूनचे नवे निर्देश दिले असून त्यांत एसएमएसवरच्या ओटीपीखेरीज इतर पद्धतींनाही वाव आहे. त्या पद्धती आणताना बँकांनी आठवड्यातली एक दुपार राखून ज्येष्ठ ग्राहकांना शाखेत बसवावे आणि आकडे त्यांचे त्यांनाच टाकू देऊन पहिला व्यवहार त्यांच्याच हातून करून घ्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपली नम्र,
एक वाचक, सातारा